तिसऱ्या अंतऱ्याचा तबला

"निवेदक बोलायला लागून अकरा मिनिटं झाली," रघू माझ्या कानात म्हणाला. "एवढ्यात माझी पुण्याची गाडी नागेवाडी ओलांडते."

रघू हेंद्रे साताऱ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. कुठलीही गोष्ट उशिरा सुरू झाली की त्याला तो स्वतःचा अपमान वाटायचा. मी म्हटलं, "बोलू दे. मी अजून रेकॉर्डर चालू केलेला नाही."

१९९३ साल, फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेदहा. नाट्यगृहात आम्ही नेहमीप्रमाणे तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या मांडीवर जेवणाच्या डब्याची पिशवी होती आणि पिशवीत डब्याऐवजी टेपरेकॉर्डर होता. शैलजा कारखानीस यांचा मी ऐकत असलेला हा छत्तिसावा कार्यक्रम. छत्तीसच्या छत्तीस मी टेप केले होते. माझं पोवई नाक्यावर चष्म्याचं दुकान आहे. आठवडाभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का" असं विचारून झालं की रविवारी कानांना काम द्यायचं, एवढीच माझी चैन.

भावगीतांचा कार्यक्रम म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी दीपप्रज्वलन होतं. काडी विझते. दुसरी काडी विझते. मग प्रमुख पाहुणे आपल्याला गाण्यातलं काही कळत नाही असं नम्रपणे सांगतात आणि ते वीस मिनिटं सिद्ध करतात. मग निवेदक येतो. त्याला कवितेतलं सगळं कळत असतं आणि ते तो गाण्याच्या आधीच सांगून टाकतो, म्हणजे गाणं ऐकायची गरज उरू नये. या सगळ्यातून उरलेल्या फटींत गायिका गाते. तरीही मी जायचो, कारण कॅसेटवरचं गाणं हे फोटोतल्या माणसासारखं असतं. तो कधी शिंकत नाही.

कॅसेटबद्दलही माझी मतं होती. माझी सगळ्याबद्दल मतं होती. शैलजाताईंची 'सात पायऱ्या' ही कॅसेट ८४ साली आली. सात गाणी, सातही सोन्यासारखी. कंपनीला तेवढ्यावर थांबवेना. ८८ साली तीच गाणी 'सुवर्ण आवृत्ती' म्हणून आली. फरक एवढाच की वेष्टनाला पिवळी किनार होती. ९१ साली त्यात दोन नवी गाणी घातली. त्यातल्या एकात सिंथेसायझरवर कोकिळा ओरडत होती, आणि दुसरं ऐकल्यावर ती कोकिळा बरी वाटत होती. प्रत्येक आवृत्तीला मी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. कंपनीने एकदाही उत्तर दिलं नाही. त्यावरून माझी पत्रं त्यांना झोंबत असणार, असं मी धरून चाललो होतो.

त्या सकाळी मात्र गाणं रंगत नव्हतं. बाईंचा आवाज ठीक होता. तबला ढिला होता. तबल्यावर त्यांचे पती प्रभाकर कारखानीस असायचे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांचा हात म्हणजे स्वच्छ आणि मोजका. त्या दिवशी दुसऱ्या गाण्यापासून उजव्या हाताचे बोल मागे पडायला लागले. किंचितच, पण मला ते खड्यासारखं लागत होतं.

"झोपलेत काय अण्णा," मी रघूला म्हटलं.

"मला तर काही कळत नाही," रघू म्हणाला.

"तुला कसं कळेल? तुला फक्त गाडी सुटलेली कळते."

मध्यंतराआधीचं शेवटचं गाणं होतं 'पल्याडचा दिवा'. 'सात पायऱ्या'मधलं सगळ्यांत अवघड गाणं, तीन अंतऱ्यांचं. ते निम्म्यात तुटू नये म्हणून मी आधीच नवी कॅसेट घातली. रघूने सवयीने घड्याळात पाहिलं. पहिला अंतरा झाला. दुसऱ्यात तबला आणखी घसरला. आणि दुसरा अंतरा संपल्यावर तबला बंदच झाला. तिसरा अंतरा बाईंनी नुसत्या पेटीवर गायला. लय सैल सोडून, प्रत्येक ओळ पाहिजे तेवढी लांबवत, समोर बघत. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी हरखून गेलो. बाईंनी भर मैफलीत तबला थांबवला आणि एकटीने गाणं वाचवलं, असं माझं मत झालं.

पडदा पडला. वीस मिनिटांनी निवेदकाने येऊन सांगितलं की काही अपरिहार्य कारणामुळे कार्यक्रम इथेच संपवत आहोत. हे मात्र त्याने एका वाक्यात सांगितलं.

पुढच्या आठवड्यात गावातल्या एका साप्ताहिकात माझं परीक्षण आलं. त्यातलं एक वाक्य तेव्हा बरंच गाजलं. 'प्रभाकर कारखानीस यांचा उजवा हात बहुधा कोल्हापूरहून निघालाच नव्हता. साताऱ्याला डावा एकटाच आला असावा.' लोक दुकानात येऊन ते वाक्य मला ऐकवायचे आणि मी चष्मे पुसत, जणू ते मी लिहिलेलंच नाही, अशा थाटात ऐकायचो. तिसऱ्या अंतऱ्याची थोरवी सांगणारा माझा शेवटचा परिच्छेद संपादकाने केसांच्या तेलाच्या जाहिरातीसाठी कापला होता. त्याच्याशी मी महिनाभर बोललो नाही.

त्यानंतर अण्णा पुन्हा कधी स्टेजवर दिसले नाहीत. बाईंबरोबर पुण्याचा एक तरुण तबलजी यायला लागला. अण्णांचे गुडघे दुखतात, मांडी घालून बसवत नाही, असं निवेदक सांगायचे. मी मनात हसायचो. एका साप्ताहिकातल्या एका वाक्याने तबलजी बदलला. लेखणीची ताकद म्हणतात ती हीच, असं मी आठ वर्षं समजत होतो.

आठ वर्षांनी, २००१ साली, मला कोल्हापूरहून पत्र आलं. अक्षर इतकं वाकडं होतं की एखाद्या पोराने गंमत केली असावी असं वाटलं. मजकूर असा होता: 'कंपनी सात पायऱ्याची सीडी काढत आहे. त्यात प्रत्यक्ष कार्यक्रमातली तीन गाणी नव्याने घालायची आहेत. ९३ साली साताऱ्याला तिसऱ्या रांगेत आपण डब्याच्या पिशवीत रेकॉर्डर ठेवून बसला होता. पिशवीतला लाल दिवा स्टेजवरून दिसत होता. त्या दिवशीचा पल्याडचा दिवा आपल्याकडे असल्यास घेऊन यावे. आपला, प्र. कारखानीस.'

मी उलट टपाली कळवलं की ध्वनिमुद्रण उत्तम आहे आणि मी येतो. कंपनीला सतरा वर्षांनी अक्कल आली आणि ती माझ्या पिशवीतून आली, ही बातमी मी रघूला त्याच दिवशी स्टँडवर जाऊन दिली. त्याने मला खिडकीजवळची जागा मिळवून दिली.

कारखानिसांचं घर टाकाळ्यावर होतं. दार शैलजाताईंनी उघडलं. इतकी वर्षं मी त्यांना दिव्यांच्या झोतात पाहिलं होतं. इथे त्या सुती साडीत, हाताला कणीक लागलेली, अशा उभ्या होत्या.

"पोतनीस ना? या. अण्णांना आत मालिश करायला माणूस आलाय. दहा मिनिटं आहेत आपल्याकडे." त्यांनी हात धुतले आणि माझ्यासमोर बसल्या. "कॅसेट आणलीत?"

"आणलीय. रेकॉर्डरही आणलाय."

"तुम्ही ती ऐकली असेलच."

"शंभरदा. ताई, एक विचारायचं होतं. तिसऱ्या अंतऱ्याला तुम्ही तबला थांबवलात, त्यामागचा विचार काय होता?" आठ वर्षं हा प्रश्न मी घोकत होतो. उत्तरही माझ्याकडे तयार होतं, त्यांना सुचलं नाही तर द्यायला.

"विचार?" त्या म्हणाल्या. "मी थांबवला नाही. थांबला."

मला कळलं नाही.

"अण्णांना झटका आला होता. उजवी बाजू गेली. सकाळपासून हात जड आहे म्हणत होते, मी म्हटलं उशीवर अवघडला असेल. दुसरा अंतरा संपला आणि मागून काहीच येईना. मला कळलं की काहीतरी झालंय. मी वळून पाहिलं नाही. मी वळले असते तर सगळ्यांनी पाहिलं असतं. म्हटलं, गाणं संपवते, पडदा पाडतात, मग बघते. म्हणून तसं गायले, तबला लागू नये असं."

बाहेर एक रिक्षा बराच वेळ चालू होत नव्हती. आम्ही दोघांनी ती ऐकली.

"मला ठाऊक नव्हतं," मी म्हटलं.

"तुम्हालाच ठाऊक होतं," त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "सहाशे माणसं होती हॉलमध्ये. मी तर बायको, मलासुद्धा नाही कळलं की दुसऱ्या गाण्यापासून हात मागे पडतोय. तुम्हाला एकट्याला ऐकू आलं. आणि तुम्ही त्याचा विनोद केलात."

यावर माझ्याकडे मत नव्हतं.

"ते जाऊ दे आता," त्या म्हणाल्या. "मी वेगळ्या कामासाठी बोलतेय. अण्णांना वाटतं की तिसरा अंतरा त्यांनी वाजवला. उजवा गेला तरी डाव्या हाताने, नुसत्या डग्ग्यावर निभावून नेला. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य ते होतं. 'गाणं सोडलं नाही ना मी?' मी म्हटलं, नाही. आठ वर्षं झाली. येईल त्याला सांगतात. व्यायाम करायचा कंटाळा आला की स्वतःला सांगतात. आता हे सीडीचं निघालं आणि त्यांनीच कंपनीला सांगितलं, माझं शेवटचं वाजवणं त्यात पाहिजे. पत्रही मला न सांगता टाकलं."

"मग मी काय करू?"

"कॅसेट खराब झाली म्हणा. बुरशी लागली म्हणा."

"मी पत्रात उत्तम आहे असं लिहिलंय."

"ते वाचलं मी," शैलजाताई म्हणाल्या. "अधोरेखितही केलं होतंत."

तेवढ्यात आतून हाक आली. "आले का साताऱ्याचे?"

अण्णा खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसले होते. अंगात स्वच्छ सदरा, केस ओले. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, म्हणजे कुणीतरी ठेवला होता. बोलणं जरा जड, पण स्पष्ट होतं.

"बसा. तुमचं कात्रण आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "डॉक्टरांनी विचारलं होतं, त्रास नक्की कधी सुरू झाला. हिला सांगता येईना, मला आठवेना. मग कुणीतरी ते परीक्षण आणून दिलं. मी डॉक्टरांना दाखवलं. म्हटलं, हे बघा, दुसऱ्या गाण्यापासून. डॉक्टर म्हणाले, हे लिहिणाऱ्यालाच दवाखान्यात नोकरीला ठेवून घ्या."

ते हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी डावा हात उचलून मला थांबवलं.

"लावा. लावा आधी."

मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला, त्याची पाठ अण्णांकडे करून. शैलजाताई दारात उभ्या राहिल्या. मी कळ दाबली. आठ वर्षांपूर्वीची सकाळ त्या खोलीत आली. कुणाची तरी खुर्ची करकरली, पेटीने सूर धरला. अण्णांनी डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर हलायला लागली. पहिला अंतरा झाला. ते एकदा "हं" म्हणाले. दुसऱ्या अंतऱ्यात उजवा हात घसरायला लागला तसं त्यांचं कपाळ आक्रसलं. जे मी कुचेष्टेने ऐकलं होतं ते आता मला त्यांच्या चेहऱ्याशेजारी बसून ऐकावं लागत होतं. त्या एका अंतऱ्याएवढं लांब मी पुढे काही ऐकलं नाही.

मी आयुष्यभर एक गोष्ट सांगत आलो होतो. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाला हात लावायचा नाही. खोकला असो, चूक असो, जसं झालं तसं. या विषयावर मी कंपनीला जे लिहिलं होतं ते अजून त्यांच्याकडे असेल.

दुसरा अंतरा संपला आणि मी कळ दाबून कॅसेट बंद केली.

अण्णांनी डोळे उघडले. "काय झालं?"

"साईड संपली."

"म्हणजे?"

"कॅसेट संपली अण्णा, नेमकी इथे. अंधारात पिशवीत हात घालून उलटवेपर्यंत गाणं झालं होतं."

"पत्रात नाही लिहिलंत."

"लाज वाटली."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "पण तोवर छत्तीस कार्यक्रम टेप केले होते, ते लिहिलंत."

"हो."

"आणि कॅसेट कधी उलटायची ते कळत नाही? एवढं कळत नाही आणि आमचे हात मोजता?"

"चुकलं," मी म्हटलं.

अण्णांनी मान खिडकीकडे वळवली. मला वाटलं संपलं. पण ते पुन्हा माझ्याकडे वळले.

"बरं, मग तुम्ही सांगा. तुम्ही होता तिथे. कसा झाला तिसरा अंतरा?"

"छान झाला."

"छान सगळेच म्हणतात. दवाखान्यात जो आला तो छान म्हणाला. यातले निम्मे कार्यक्रमाला नव्हते. हिला विचारलं तर हीसुद्धा छान म्हणते. मला वाईट म्हणणारे तुम्ही एकटेच निघालात. म्हणून विचारतोय. तुम्ही खोटं बोलणार नाही."

शैलजाताईंनी दाराची चौकट धरली होती.

आजवर मी शेकडो वेळा गाण्यावर बोललो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी शब्द तोलून बोलायला लागलो. मला एवढंच कळत होतं की गोड बोललो तर पकडला जाईन.

"सुरुवातीला तुम्ही गडबडलात," मी म्हटलं.

अण्णा पुढे झुकले. "हो?"

"पहिल्या ओळीला डग्गा चाचपडत होता. उजवा नाहीच आहे हे तुमच्या तुम्हाला मान्य होत नव्हतं, असं ऐकू येत होतं. मला वाटलं, आता हे गाणं बसतंय खाली."

"मग?"

"मग तुम्ही ठेकाच सोडून दिलात. नुसती सम द्यायला लागलात. आवर्तनाला एक ठोका. बाकी सगळं मोकळं. बाई लांब जात होत्या, आणि परत यायच्या तेव्हा तो ठोका बरोबर तिथे असायचा. त्याच्या जोरावर त्या आणखी लांब जायला लागल्या. दुसरी ओळ तर मी तशी परत कधी ऐकली नाही."

"आणि शेवट?"

"शेवटची सम जोरात झाली. एवढी नको होती."

अण्णांनी श्वास सोडला. "झाली जोरात," ते शैलजाताईंकडे बघून म्हणाले. "मला तेव्हाच वाटलं होतं. तू म्हणालीस नाही म्हणून."

"मला नाही वाटली जोरात," शैलजाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज स्थिर होता. इतक्या वर्षांच्या कार्यक्रमांत तो मला इतका स्थिर कधी वाटला नव्हता.

"तू बायको आहेस. यांना विचार." मग मला म्हणाले, "हे सगळं लिहून द्या. चुका गाळू नका. कंपनीला सांगतो, गाणं दोन अंतऱ्यांपर्यंत घ्या आणि पुढचं यांचं लिहिलेलं पुस्तिकेत छापा."

मी तिथेच बसून लिहून दिलं. निघताना शैलजाताई फाटकापर्यंत आल्या.

"समेचं कुठून सुचलं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"पूर्वी वाजवायचे ते तसं. घरी, आम्ही दोघंच असलो की." त्या थोडा वेळ फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या कात्रणाबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

साताऱ्याला येऊन मी दुसऱ्या कॅसेटवर दोन अंतरे उतरवले आणि ती कंपनीला पाठवली. दिवाळीत सीडी आली. जुनी सात गाणी आणि 'रसिकांच्या संग्रहातून' म्हणून घातलेली तीन. 'पल्याडचा दिवा' ऐन रंगात विरून जात होतं. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत परीक्षण आलं: 'तिसरा अंतरा ऐन वेळी कॅसेट संपल्याने कायमचा हरवला आहे. ध्वनिमुद्रण करणाऱ्या रसिकाने गाण्याइतकंच कॅसेटच्या लांबीकडे लक्ष दिलं असतं, तर मराठी संगीतावर उपकार झाले असते.' लिहिणाऱ्याची शैली चांगली होती. माझ्यावर गेली असावी.

पण खरी गंमत आमच्या रसिक मंडळाच्या बैठकीत झाली. महिन्यातून एकदा एका शाळेच्या वर्गात आम्ही वीस-बावीस जण जमायचो. सीडी लावली. गाणं विरलं. मग अध्यक्षांनी पुस्तिकेतला माझा मजकूर मोठ्याने वाचला आणि चष्मा काढला.

"त्या ठोक्यांनी माझ्या अंगावर काटा आला होता," ते म्हणाले. "मी तेव्हाच घरी जाऊन हिला सांगितलं होतं."

आणखी चार जणांना ते ठोके आठवले. एकाला तर शेवटची सम जोरात झाल्याचंही आठवलं. एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. कार्यक्रमाच्या दिवशी त्या कऱ्हाडला पुतणीच्या लग्नात होत्या. मला पक्कं माहीत होतं, कारण त्या लग्नासाठी त्यांनी माझ्याकडून चष्म्याची नवी फ्रेम नेली होती.

"तबला नव्हता," मागच्या बाकावरून आवाज आला.

रघू उभा होता. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. कोल्हापूरहून येऊन मी स्टँडवर उतरल्याबरोबर त्याने विचारलं होतं, आणि मी 'झालं काम' म्हणून सटकलो होतो.

"तिसऱ्या अंतऱ्याला तबला नव्हता," तो पुन्हा म्हणाला. "डग्गाही नव्हता. मी पोतनीसशेजारी बसलो होतो. बाहेर पडताना हाच मला सांगत होता की बाईंनी तबला थांबवला. आणि कॅसेटही संपली नव्हती. त्या गाण्याआधीच त्याने नवी घातली. मी घड्याळ बघितलं होतं." मग तो माझ्याकडे वळला. "पोत्या, हे काय लिहिलंयस तू? खरं काय ते सांग यांना."

सगळे माझ्याकडे बघत होते. यातले तिघं तरी कारखानिसांकडे येऊन-जाऊन होते. त्या खोलीत बोललेलं वाक्य दोन दिवसांत टाकाळ्यावर पोचलं असतं.

"डग्गा होता," मी म्हटलं. "तू घड्याळात बघत असशील."

सगळे हसले. वाक्य जमलं होतं, मला तशी वाक्यं जमतात. रघू हसला नाही. त्याने बाकावरची टोपी उचलली, झटकली आणि तो गेला. पुढे मंडळात कुणीतरी म्हणालं की हेंद्रेला तुमचं नाव पुस्तिकेत आलेलं बघवलं नाही. मी तेही खोडून काढलं नाही.

त्यानंतर सहा वर्षं रघू माझ्याशी बोलला नाही. त्याने चष्मासुद्धा दुसऱ्या दुकानातून केला. मी कार्यक्रमांना एकटा जायचो. लिहिणं सोडलं. लिहायला बसलो की पहिलं वाक्य चुरचुरीत यायचं आणि मी कागद बाजूला ठेवायचो.

२००७च्या जूनमध्ये अण्णा गेले. दहा-बारा दिवसांनी मी शैलजाताईंना भेटायला गेलो. त्यांनी अण्णांचे शेवटचे महिने कसे गेले ते सांगितलं. कुणी पाहुणा आला की सीडीची पुस्तिका वाचून दाखवायला लावायचे. उठताना मी रघूचं सगळं त्यांना सांगितलं, आणि आता त्याला खरं सांगितलं तर चालेल का, असं विचारलं.

"सहा वर्षं त्यांना खोटं पाडून ठेवलंत?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग इथे कशाला आलात आधी? तिकडे जायचं."

मी साताऱ्याला उतरलो आणि दुकान न उघडता, घरून रेकॉर्डर घेऊन करंजे भागात रघूच्या घरी गेलो. तो निवृत्त झाला होता. ओट्यावर बसून शेंगा सोलत होता. मला पाहून तो उठला नाही, पण जा असंही म्हणाला नाही. मी त्याच्याशेजारी बसलो, रेकॉर्डर मधे ठेवला आणि मूळ कॅसेट लावली, दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटापासून.

बाईंचा आवाज आला. पेटी. बाकी काही नाही.

रघूचे हात शेंगांत थांबले. पहिली ओळ संपली तसा तो म्हणाला, "नाहीये." दुसऱ्या ओळीला पुन्हा म्हणाला, "ऐक. नाहीये तबला."

"नाहीये," मी म्हटलं.

"म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतंस."

त्याने शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि डोकं रेकॉर्डरजवळ नेलं. अंतरा संपला. आणि टाळ्या सुरू व्हायच्या आधी, माइकपासून लांब, बाईचा एक शब्द ऐकू आला, दबका, घाबरलेला. 'अहो.' शंभर वेळा ऐकूनही मी तो प्रेक्षकांतल्या कुणा बाईचा समजत होतो. मग टाळ्या सुरू झाल्या आणि त्यात सगळं बुडालं.

"हे कोण?" रघूने विचारलं.

मी त्याला सांगितलं. वाकड्या अक्षरातल्या पत्रापासून कोल्हापूरच्या या भेटीपर्यंत सगळं.

"मला सांगितलं असतंस तर मी गप्प बसलो असतो," तो म्हणाला.

"बसला असतास?"

त्याने विचार केला. रघू कधी खोटं बोलत नाही, हीच तर अडचण होती.

"नसतो बसलो," तो म्हणाला. मग सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं आणि निम्म्या शेंगा माझ्यापुढे सारल्या. "परत लाव. अंतरा लाव फक्त. शेवटचा तो शब्द नको."

मी कॅसेट मागे घेतली.